नावेची स्टेपनी

धारच्या माझ्या वहिनी मला अजूनही ‘वन्सं’ म्हणतात. कुठल्याही लग्नकार्यात माझी ओळख करून देताना त्यांचं वाक्य ठरलेलं असतं, “या आमच्या वन्सं. देवासला टेंडरमध्ये होत्या.” झालं. समोरची बाई खुर्ची जवळ ओढते, आवाज खाली आणते आणि विचारते, “मग भरपूर मिळत असेल ना हो?”

मिळालं की. मानेचा पट्टा मिळाला, चष्म्याचा नंबर दोनदा वाढून मिळाला आणि निवृत्तीच्या दिवशी एक शाल मिळाली. ती शालसुद्धा तीन कोटेशनं मागवून घेतलेली होती. मला माहीत आहे, कारण ती फाइल मीच चालवली होती.

आता इथल्या आमच्या मराठी समाजाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणतात, तुमच्या खात्यातले शब्द सोपे करून सांगा, आपल्या मुलांना धंद्यात उपयोग होईल. एकतीस वर्षं मी हेच करत आले. सांगून सांगून घसा बसला, पण ऐकणारा भेटला तो एकच, आणि त्याने माझीच चूक काढली. तरी सांगते.

सरकारला काही विकत घ्यायचं असलं तर ते पिशवी घेऊन बाजारात जात नाही. आधी कागदावर लिहितं, मला काय हवं, किती हवं, कुठे आणि कधीपर्यंत. त्या कागदाला निविदा म्हणतात. विकणारा जो कागद भरून देतो त्यालाही लोक निविदाच म्हणतात आणि या सगळ्या भानगडीलाही. हवी ती वस्तू कशी असावी याचं बारीक वर्णन म्हणजे विनिर्देश. निविदेच्या दुसऱ्या पानावर ‘परिभाषा’ नावाचा मजकूर असतो, कुठल्या शब्दाचा काय अर्थ घ्यायचा ते सांगणारा. हे पान कोणी वाचत नाही. भरणारा वाचत नाही, सही करणारा वाचत नाही, आणि नंतर दोघे माझ्या टेबलाशी येऊन भांडतात.

नोकरीत आधी धारला होते तेव्हा बदनावरचे एक शेठजी यायचे, मंडीतले सोयाबीनचे व्यापारी. ताडपत्र्यांच्या निविदेत त्यांनी दराच्या रकान्यात आकडा लिहिलाच नाही. लिहिलं काय, तर ‘जिसका भाव सबसे कम निकले, उससे एक रुपया कम’. मी म्हटलं, शेठजी, आकडा लिहायचा असतो.

“तो आप बता दो ना मैडम, सबसे कम किसका है. मैं अब्बी आकड़ा लिख दूं.”

“अहो, सगळ्यांचे दर बंद असतात. ठरलेल्या वेळी सगळ्यांसमोर एकदम उघडतात.”

“ये कैसा धंधा है भिया! मंडी में तो सब सामने बोलते हैं.” शेठजींना मनापासून वाईट वाटलं, माझ्यासाठी. इतकी शिकलेली बाई आणि हिला भाव करता येत नाही, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांची निविदा बाद झाली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा तेच लिहिलं, फक्त एक रुपयाऐवजी दोन.

शहाणी माणसंही भेटली, नाही असं नाही. उदयनगरच्या मुलींच्या वसतिगृहाच्या एक अधीक्षिका होत्या. ब्लँकेटचा नमुना त्यांच्याकडे पाठवला. नमुना म्हणजे खरेदीआधी तपासायला घेतलेला एक नग. इतर ठिकाणचे लोक नमुना हाताने चोळून ‘ठीक है’ लिहून देतात. या बाई तो अंगावर घेऊन आठ दिवस झोपल्या आणि मग कळवलं, “गरम है, पर मोटी लड़कियों के पैर बाहर रहेंगे.” मोठ्या म्हणायचं होतं त्यांना, उंच. मी विनिर्देशात लांबी वाढवली. त्या एका पत्रासाठी मी त्यांना अजून मानते.

आता आमच्या कामाची खरी रीत सांगते, कारण पुढचं रामायण तिच्यामुळे झालं. आमच्याकडे कोऱ्या कागदावर कधी काही सुरू होत नाही. नवी खरेदी निघाली की साहेब म्हणतात, “पिछली फाइल लगा दो.” म्हणजे मागच्या वेळची निविदा काढायची, वस्तूचं नाव बदलायचं, तारीख बदलायची, की झाली नवी निविदा. मागची फाइल त्याच्या मागच्या फाइलीवरून केलेली असते. असं करत करत मूळ फाइल कोणी लिहिली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण तिच्यावर पूर्वी सह्या झालेल्या असतात, त्यामुळे ती बरोबर असते. मी या रीतीवर आयुष्यभर चिडचिड केली आणि आयुष्यभर तेच केलं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा नेमावरच्या घाटासाठी बचाव नाव घ्यायचं ठरलं. मोठ्या अमावास्येला नर्मदेच्या स्नानाला तिथे अफाट गर्दी होते. आदल्या वर्षी एक आई आणि मुलगी स्नानाची हद्द दाखवणाऱ्या साखळीपलीकडे घसरल्या होत्या. त्यांना काढलं गेंदालाल केवटाने, स्वतःच्या नावेतून. गेंदालाल तिथलाच, नावा बांधणारा. त्या धावपळीत त्याची नाव दगडावर आपटून तळातून फाटली. म्हणजे येत्या अमावास्येला घाटावर धड नाव एकही नव्हती. हाताशी होते जेमतेम तीन महिने.

आमच्या खात्याने नाव कधी घेतलीच नव्हती, तेव्हा ‘पिछली फाइल’ कुठली लावणार? साहेब म्हणाले, पाण्याशी संबंधित काहीतरी बघा. पाण्याशी संबंधित होती पाण्याच्या टँकरची फाइल. मी ती घेतली, संगणकाला सांगितलं की जिथे ‘टँकर’ आहे तिथे ‘नाव’ लिही, आणि मग वाचायला बसले. ‘नावेत पाणी पूर्ण भरून एक दिवस ठेवले असता गळती होऊ नये’ हे वाक्य सापडलं, ते काढलं. ‘नावेला मागे तोटी असावी’ हेही काढलं. लाकडी किंवा फायबर, वीस माणसं बसतील अशी, वल्ह्यांसह, वगैरे सगळं नव्याने लिहिलं. दोनदा वाचलं. साहेबांनी सही केली, लेखा शाखेने सही केली, समितीच्या तिघांनी सही केली. निविदा पोर्टलवर गेली.

दर भरण्याआधी इच्छुकांना बोलावून शंका विचारू देतात, तिला बोलीपूर्व बैठक म्हणतात. इंदूरचे दोन पुरवठादार आले होते, आणि गेंदालाल. पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत निविदेची सगळी पानं छापून आणलेली. त्याच्या शिकलेल्या सुनेने त्याला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली होती. दुसरं पानसुद्धा. एकतीस वर्षांत मला भेटलेला हा तो एकमेव माणूस. साहेबांनी विचारलं, कोणाला काही शंका? इंदूरवाले मोबाइल बघत होते. गेंदालाल उठला.

“मैडमजी, ग्यारह नंबर पन्ने पे लिखा है, नाव के साथ एक स्टेपनी, जैक और पाना देना है.”

मी पान उलटलं. लिहिलं होतं.

“स्टेपनी मूल पहियों की माप की होनी चाहिए, ऐसा लिखा है,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. “तो कौन से पहियों की माप लूं?”

इंदूरवाल्यांनी मोबाइल खाली ठेवले. हशा असा झाला की शेजारच्या शाखेतले लोक दारात आले. साहेब हसले नाहीत. “मोघे मैडम, ये क्या है?” मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. लोकांच्या चुका काढण्यात माझी हयात गेली, आणि आता माझ्या नावेला स्टेपनी.

निविदेतली चूक सुधारायला जो कागद काढतात तो शुद्धिपत्र. चूक किरकोळ असेल तर काही नाही, पण अट बदलली तर दर भरायची मुदत वाढवावी लागते. इथे किमान पंधरा दिवस. मी तिथेच कॅलेंडर बघितलं. गेंदालालला नाव बांधायला सव्वा महिना लागणार होता. सरळ गेलं तर नाव अमावास्येच्या चार दिवस आधी पाण्यात उतरत होती. शुद्धिपत्र काढलं की ती अमावास्येनंतर येत होती.

बैठक संपल्यावर गेंदालाल माझ्या टेबलाशी आला. “शुद्धिपत्र रेने दो मैडमजी. म्हारे कंई फरक नी पड़े. स्टेपनी मांगी है तो स्टेपनी दे दूंगा. पर नाव अमावस के पेले पानी में उतरनी चइये. पिछली बार तो एक हाथ से नाव का छेद दबा रखा था और दूसरे से छोरी को खींचा.”

मी साहेबांना विचारायला गेले. त्यांनी सरकारी नोकरीतलं सर्वांत जुनं उत्तर दिलं, “आप देख लो.” म्हणजे चांगलं झालं तर त्यांचं, वाईट झालं तर माझं.

घरी हे म्हणाले, “अगं, एका ओळीचा तर प्रश्न आहे. काढून टाक. उगाच कायमचं हसं होईल.” त्यांचं खरं होतं. शुद्धिपत्र काढलं असतं तर माझी चूक नियमानुसार दुरुस्त झाली असती, फाइल निर्मळ राहिली असती. माझ्या एकाही फाइलीवर तोवर ऑडिटचा आक्षेप नव्हता आणि त्याचा मला फार माज होता, हेही कबूल करते. न काढलं तर माझ्या सहीखाली नावेची स्टेपनी जन्मभर राहणार होती. चीड येत होती ती माझी मलाच. दोनदा वाचूनही अकरावं पान डोळ्यांखालून गेलं कसं?

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं, ‘शंका विचारात घेतली. अट कायम ठेवण्यात येत आहे.’ इतकं निर्लज्ज वाक्य मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

तीन निविदा आल्या. निविदेचे दोन लिफाफे असतात, आता तेही संगणकातच. पहिल्यात कागदपत्रं आणि प्रत्येक अटीसमोर ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’. पहिल्यात उत्तीर्ण झाला तरच दराचा दुसरा लिफाफा उघडायचा. गेंदालालने सगळीकडे ‘मान्य’ लिहिलं होतं. इंदूरच्या एकानेही सगळीकडे ‘मान्य’ लिहिलं होतं, न वाचता. दुसऱ्या इंदूरवाल्याने स्टेपनीसमोर लिहिलं होतं, ‘नाव को लागू नहीं’.

तो बिचारा एकटाच शहाण्यासारखा वागला होता. पण ‘मान्य’ सोडून दुसरं काहीही लिहिलं तर ती सशर्त निविदा, आणि सशर्त निविदा बाद. हा नियम मी शेकडो लोकांना ऐकवला होता. त्यालाही लावला. त्याचा फोन आला. “मैडम, सच बोलो, नाव में स्टेपनी होती है क्या?” मी म्हटलं, “अट होती. बैठकीत कायम ठेवली होती, तुम्ही होतात तिथे.” तो म्हणाला, “आपसे ऐसी उम्मीद नहीं थी.” त्याचा दुसरा लिफाफा उघडलाच नाही. त्याचा दर गेंदालालपेक्षा कमी होता की जास्त, हे मला आजही माहीत नाही. नोकरीतल्या सगळ्या गोष्टींचा हिशोब मी मनाशी लावला आहे, याचा लागत नाही.

उरलेल्या दोघांत गेंदालालचा दर कमी होता. कार्यादेश निघाला, म्हणजे ‘आता काम सुरू कर’ असं सांगणारं पत्र. अमावास्येच्या चार दिवस आधी आम्ही तपासणीला नेमावरला गेलो. नाव घाटाशी उभी होती, नव्या डांबराचा वास येत होता. समितीने लांबी मोजली, रुंदी मोजली, वल्ही मोजली. मग समितीतले एक साहेब माझ्याकडे तिरकं बघत म्हणाले, “और मैडम की स्टेपनी?”

नावेत मधोमध ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची स्टेपनी ठेवलेली होती. शेजारी जॅक आणि पाना, फडक्यात गुंडाळून. “पहिये की माप नी मिली,” गेंदालाल म्हणाला, “तो म्हने बड़ी वाली ले ली.”

अमावास्येला मी रजा टाकून नेमावरला गेले. आयुष्यभर टेबल, पलंग, पंप, ब्लँकेट विकत घेतली, पण घेतलेली वस्तू कामाला लागलेली कधी पाहिली नव्हती. हे सोबत होते. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. नाव चालवायला गेंदालाललाच ठेवलं होतं; तो आणि त्याचा पुतण्या ती घेऊन साखळीच्या पलीकडे फिरत होते. सकाळी नऊच्या सुमाराला आमच्या डाव्या हाताला आरडाओरडा झाला. एक बाई, पन्नाशीची असेल, साखळी सुटून ओढीत गेली होती. नाव लांब होती, मध्ये पोहणाऱ्यांची दाटी. वल्ही मारता येईनात. गेंदालालने वाकून काहीतरी काळं, मोठं उचललं आणि फेकलं. दोरी उलगडत गेली. बाईने ते दोन्ही हातांनी धरलं.

ती ट्रॅक्टरच्या स्टेपनीतली ट्यूब होती. हवा भरलेली, दोरीने गुंडाळलेली. त्याने तिला ओढून नावेपर्यंत आणलं. मी घाटाच्या पायरीवर बसले आणि रडले. हे म्हणाले, “अगं, ती वाचली.” मला ते दिसत होतं, म्हणूनच रडत होते.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती सरकारी कसली? निवृत्तीला महिना उरला असताना भौतिक सत्यापन झालं. म्हणजे नोंदवहीत जे लिहिलं आहे ते खरंच जागेवर आहे का, हे कोणीतरी येऊन बघतं. आक्षेप आला: नाव आढळली. स्टेपनी आढळली नाही. जबाबदार कर्मचाऱ्याकडून खुलासा घ्यावा. माझा पहिला आक्षेप, तोही जाता जाता.

मी गेंदालालला फोन केला. कळलं ते असं. ट्यूब नावेत, दोरीला. लोखंडी चकती दोरी बांधून लंगर म्हणून. टायर घाटाच्या दगडाला टांगलेला, नाव आपटू नये म्हणून. जॅकने तो पावसाळ्याआधी नाव उचलतो आणि तळाला डांबर लावतो. “पाने का कंई काम नी पड़्यो मैडमजी,” तो जरा ओशाळून म्हणाला.

मी खुलासा लिहिला. ‘सदर स्टेपनी तीन भागांत वापरात आहे.’ मग तिन्ही भागांची कामं एकेक करून लिहिली, आणि ट्यूबच्या खाली लिहिलं, ‘हिला धरून अमावास्येच्या दिवशी एक महिला काठावर आली.’ पाना शिल्लक असल्याचंही प्रामाणिकपणे कळवलं. आक्षेप वगळला गेला.

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. सवय जात नाही, अधूनमधून पोर्टल उघडून नव्या निविदा वाचते. परवा दुसऱ्या एका घाटासाठी दोन नावांची निविदा दिसली. सरळ अकरावं पान उघडलं. एक स्टेपनी, जॅक व पाना. मूळ चाकांच्या मापाची.

माझ्या जागी आलेल्या पाटीदारला तडक फोन लावला. “अरे, डोळे आहेत की बटणं? नावेला स्टेपनी कसली मागतोस?”

“मैडम, वो तो आपकी फाइल से ली है,” तो म्हणाला. “आपने सोच के डाली थी ना? आपका वो खुलासा फाइल में लगा है, हम तो नए लोगों को पढ़ाते हैं.”

“मूर्खपणा होता तो माझा! ‘हवा भरलेली ट्यूब, दोरीसह’ असं सरळ लिही, लंगर वेगळा लिही. आणि पाना काढ आधी.”

“लेकिन मैडम, पिछली फाइल में तो स्टेपनी है. बदलेंगे तो शुद्धिपत्र निकालना पड़ेगा.”

माझं डोकं भणभणलं. बोलायला तोंड उघडलं, आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं.

“पाटीदार,” मी विचारलं, “अमावास्या कधी आहे रे?”

“बस, दो महीने में.”

“मग राहू दे,” मी म्हटलं. “पण माप बदलू नको. कोणी विचारलंच, तर ट्रॅक्टरची सांग.”